मदत हवी आहे: सोसायटीच्या व्हेंडर-करारांसाठी सॉफ्टवेअर

नमस्कार मंडळी. ११२ फ्लॅटच्या सोसायटीचा सेक्रेटरी झालोय, म्हणजे गळ्यात पडलंय. लिफ्ट, जनरेटर, सिक्युरिटी, टाकी सफाई असे चौदा व्हेंडर. करार कुणाच्या कपाटात, कुणाच्या व्हॉट्सॲपवर. लिफ्टची एएमसी (वार्षिक देखभालीचा करार) संपून दोन महिने झाले, हे लिफ्ट बंद पडल्यावर कळलं!

हिशेब टॅलीत आहेत, पण करार संपायच्या ४५ दिवस आधी आठवण हवी. शिवाय एकाच कंत्राटदाराची वर्षाची बिलं लाखावर गेली की टीडीएस (पैसे देतानाच कापायचा आयकर) लागतो, तेही दिसायला हवं. ईआरपीनेक्स्ट या व्यवसाय-व्यवस्थापनाच्या सॉफ्टवेअरमध्ये सप्लायर आणि काँट्रॅक्टच्या नोंदी होतात, पण आमच्या खजिनदारकाकांना ते झेपेल? की गूगल शीट आणि कॅलेंडर पुरे? कुणी वापरलंय का? जुने कागद स्कॅन करून कसे लावलेत?