शेजारच्या काकूंना व्हॅलेंटाईनला फुलं दिली तर चालेल का?

रश्मी_डोंबिवली
आमच्या शेजारच्या काकू, सत्तरी ओलांडलेल्या. काका मागच्या पावसाळ्यात गेले, मुलगा न्यूजर्सीला. लहानपणी आई ऑफिसला असायची तेव्हा शाळेतून आले की मी काकूंकडेच जेवायचे, त्यामुळे त्या मला परक्या नाहीतच. आता १४ फेब्रुवारी आलाय, जिकडे तिकडे लाल फुगे आणि कपल ऑफर, आणि मला सारखं वाटतंय की त्या दिवशी त्यांना फुलं न्यावीत. नवरा म्हणतो नको, काकांची आठवण येऊन त्रास होईल. काय करू? आणि लाल गुलाबच द्यायचा की दुसरं काही?

हेलसिंकीकर
बिनधास्त दे गं. इकडे फिनलंडमध्ये १४ फेब्रुवारी हा मुळात मैत्रीचाच दिवस मानतात, १९८० च्या दशकात रुजला तो तसाच. शाळेतली पोरं एकमेकांना कार्डं देतात, पोस्टाची खास तिकिटं निघतात, एकट्या राहणाऱ्या शेजाऱ्यांनाही लोक आठवणीने कार्ड पाठवतात. कपलचीच मक्तेदारी कशाला हवी त्या दिवसावर.

मावळ_पॉलिहाऊस
फुलांचं मी सांगतो, आमचे गुलाब आहेत तळेगावजवळ. ह्या एका आठवड्यासाठी डिसेंबरातच छाटणी धरावी लागते, तिथून फूल यायला साधारण दीड महिना, आणि थंडी वाढली की अजून लांबतं, तेव्हा जीव टांगणीला लागतो आमचा. जानेवारीअखेरीपासून परदेशचा माल जातो, मग मुंबई-पुणे-दिल्लीचा. सगळी ओढ लालला असते त्यामुळे भावही लालचाच चढतो. ताई तुम्ही गुलाबी नाहीतर पिवळा घ्या, दादरला सकाळी लवकर गेलात तर वीस नगांची ताजी गड्डी मिळेल. बाहेरची एखाददुसरी पाकळी सुटलेली कळी बघा, एकदम घट्ट असेल तर कधीकधी उमलतच नाही. घरी आणल्यावर दांडे तिरके कापा, पाण्यात बुडणारी पानं काढा आणि पाणी रोज बदला.

सुलभा_नाशिक
रश्मी, माझे मिस्टर जाऊन काही वर्षं झाली म्हणून लिहिते. आठवण काही फुलांमुळे येत नाही बाळा, ती असतेच. त्रास कशाचा व्हायचा सांगू, सगळे माझ्यासमोर ह्यांचं नाव घ्यायचंच टाळायचे, विषय निघाला की कोणीतरी टीव्हीचा आवाज वाढवायचं. तू फुलं देऊन दारातून परत फिरू नकोस, चहाच्या वेळेला जा, आत बस आणि काकांची तुला माहीत असलेली एखादी गोष्ट स्वतःहून काढ. त्या रडल्या तर रडू दे, घाबरून उठू नकोस. आणि फक्त त्याच दिवशी नको, नंतरही जात राहा.

रश्मी_डोंबिवली
सुलभाताई, नवऱ्याला वाचून दाखवलं, तोही येतोय आता. काका आम्हा पोरांना गच्चीत कॅरम शिकवायचे, तेच काढते. संध्याकाळी सहाला जाऊ, तिकडे सकाळचे साडेसात असतात, मुलालाही व्हिडिओ कॉलवर घेते. दादा, फुलं आदल्या दिवशी आणली तर टिकतील ना?

मावळ_पॉलिहाऊस
आरामात. फक्त केळी-सफरचंदाजवळ ठेवू नका, पिकणाऱ्या फळांच्या गॅसने फूल लवकर मान टाकतं.