बसक्या सी-टेनला बावीस इंची? आधी ओळंबा लावा, मग बोला

टेक्सासी_सांगलीकर
परवा एका भल्या माणसाने आपल्या ७२च्या शेवी सी-टेनचा (शेवरोलेचा जुना पिकअप ट्रक) फोटो टाकून खाली लिहिलं: "ट्रक खाली बसवला, म्हणजे उंची कमी केली, की बावीस इंची चाकंच घालायची. वीस म्हणजे तडजोड, पंधरा म्हणजे म्हातारपण. मापं कसली काढताय, दुकानदार सांगतो." खाली वाहवा करणाऱ्यांची ही रांग. तिथे लिहिणार होतो, पण लांबलं म्हणून इथे.

दुकानदार सांगतो! मलाही दुकानदारानेच सांगितलं होतं. माझा ट्रक १९७०चा. "सदुसष्ट ते बाहत्तर सगळे सारखेच" म्हणत त्याने पाच बोल्टांची चाकं माझ्या गळ्यात मारली. घरी येऊन जुनं चाक उतरवलं तर हबवर सहा बोल्ट. १९७० पर्यंत टू-व्हील-ड्राइव्ह सी-टेनला सहा बोल्ट, साडेपाच इंचांच्या वर्तुळावर. १९७१ला पुढे डिस्क ब्रेक आले आणि बोल्ट झाले पाच, वर्तुळ पाच इंचांचं. पुढची जाळी सोडली तर दोन्ही ट्रक जुळे भाऊ. चूक माझीही, मी मोजले नव्हते. सहापर्यंत मोजायचं होतं फक्त.

आता बॅकस्पेसिंग, म्हणजे हबवर टेकणाऱ्या तोंडापासून चाकाच्या आतल्या काठापर्यंतचं अंतर. नऊ इंची रिम म्हणजे काठ धरून दहा इंच. ऑफसेट शून्य, म्हणजे ते तोंड रिमच्या बरोबर मधोमध, असेल तर हे अंतर पाच इंच. तेच ऑफसेट अधिक बारा मिलिमीटर घेतलं की जवळजवळ साडेपाच, उणे बारा घेतलं की साडेचार. रिम तीच, रुंदी तीच, पण एक आत घासेल आणि दुसरी मडगार्डबाहेर डोकावेल. आणि हे लोक विचारतात काय, तर "किती इंची?"

माप असं घ्यायचं. मागचं चाक काढा, जॅकस्टँड आसाखाली लावा. चेसीखाली लावलेत तर स्प्रिंग लोंबतात आणि माप खोटं येतं. मडगार्डच्या आतल्या कडेवरून ओळंबा सोडा. दोरीपासून हबच्या तोंडापर्यंत एक माप, तिथून आत जे पहिलं लोखंड आडवं येईल तिथपर्यंत दुसरं. मग दुसऱ्या बाजूला जाऊन हेच परत करा. शेवीच्या या पिढीत मागे बहुधा कॉइल स्प्रिंग आणि ट्रेलिंग आर्म असतात, आस मधोमध धरायला पॅनहार्ड बार. ट्रक खाली बसला की तो बार कमानीत फिरतो आणि आसाला एका बाजूला ओढून नेतो. मी एकच बाजू मोजली होती. दुसऱ्या बाजूने टायरची कड सोलून निघाली, कोबीचं पान निघावं तशी.

माझं मत सरळ आहे. रोज चालवायचा असेल तर पंधरा इंची रॅली व्हील (शेवीची जुनी स्टीलची चाकं), हौस असेल तर वीस. बावीस फोटोपुरती.

बाहत्तर_बावीस
तो "भला माणूस" मीच. नाव घ्यायला लाजलात का? चाळीस ओळी लिहिल्यात, त्यातल्या वीस तुमच्या स्वतःच्या चुकांच्या. सहा बोल्ट असलेल्या हबला पाच भोकांचं चाक घेणाऱ्याने मला शिकवू नये. माझ्या ट्रकला स्प्रिंगऐवजी हवेच्या एअरबॅग आहेत, चेसीला मागे सी-नॉच (आसाला वर यायला जागा देणारी खाच) मारलाय, २८५/३५ चे (रुंदी २८५ मिलिमीटर, भिंत तिच्या ३५ टक्के) बावीस इंची टायर आहेत, दोन वर्षांत एक ओरखडा नाही.

खडूस_आजोबा
सगळेच येडे. पाटे नाहीत, कॉइल आहेत, एवढीच मजा होती त्या ट्रकची. मऊ चालायचा. तो खाली आपटवून वर डांबरी गोळीसारखे टायर घालायचे. आमच्या वेळी ट्रक सामान वाहायला घ्यायचे.

रोपवाटिका_ताई
आजोबा, मी अजूनही सामानच वाहते. ८५चा स्क्वेअरबॉडी, चार इंच खाली. माझा मुद्दा कुणीच काढला नाही म्हणून लिहिते. तुम्ही सगळे रिकाम्या ट्रकची मापं घेता. हौद्यात पन्नास पौंडी वाळूच्या दहा पिशव्या टाका आणि मग तो ओळंबा सोडा. माझ्या नवऱ्याने हौसेने आणलेली चाकं रिकाम्या ट्रकला झक्क बसली. पहिल्या फेरीत मातीच्या पिशव्या भरल्या आणि प्रत्येक गतिरोधकाला मागून फर्र फर्र. घरी येऊन हौद्याच्या कमानीची कड बघितली तर रंग जाऊन पत्रा चकचकीत.

टेक्सासी_सांगलीकर
ताई, मान्य. हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. माझ्या हौद्यात फक्त थंड पेयांची पेटी असते.

बाहत्तर_बावीस
ताईंना लगेच मान्य! बरं, आता पंधरा इंचीवाल्यांसाठी एक गणित. २३५/७५ चा पंधरा इंची टायर. भिंतीची उंची जवळजवळ सात इंच. समजा खाली बसवलेल्या ट्रकचा पुढचा क्रॉसमेंबर (चेसीचा आडवा तुळईसारखा भाग) जमिनीपासून पाच इंचांवर आहे. हायवेला टायर फुटला तर रिम खाली येईल. पण रिम टेकण्याआधी काय टेकेल? क्रॉसमेंबर. साठच्या वेगात. माझ्या बावीसला भिंत चार इंचांहून थोडी कमी. टायर फुटला तर ट्रक रिमवर उभा राहतो, पोटावर नाही. रिमच्या तळाच्या या रेषेला स्क्रब लाइन म्हणतात, तिच्याखाली काही लोंबू नये. तुमचं "रोज चालवायला पंधरा" हे खाली बसवलेल्या ट्रकसाठी सगळ्यात धोकादायक वाक्य आहे.

सॅनडिएगो_निवृत्त
स्क्रब लाइनचा विषय निघालाय म्हणून. कॅलिफोर्नियात १९५८ पासून हा कायदाच होता. बदल केलेल्या गाडीचा कुठलाही भाग रिमच्या तळापेक्षा खाली नको. सहा हजार पौंडांखालचे पिकअपही त्यात. कागदावर सुरक्षेसाठी, पण पावत्या कुणाच्या फाटायच्या हे इथे सगळ्यांना ठाऊक होतं. लोरायडर, म्हणजे खाली बसवलेल्या सजवलेल्या गाड्या, चालवणारी मेक्सिकन पोरं. त्यातूनच सॅन बर्नार्डिनोच्या रॉन अगिरेने १९५९च्या सुमारास आपल्या कॉर्व्हेटला हायड्रॉलिक बसवलं: पोलीस दिसला की वर, गेला की खाली. बाहत्तर_बावीस, तुमच्या एअरबॅग त्याच वंशातल्या.

माझ्याबरोबर शिपयार्डात एक जण होता, नॅशनल सिटीचा. १९९२मध्ये तिथे क्रूझिंगवर, म्हणजे हौसेने गाडी मिरवत रस्त्यावर फेऱ्या मारण्यावर, बंदी आली. हा आपला ट्रक चकाचक पुसून रविवारी हायलंड अ‍ॅव्हेन्यूवर फक्त गॅसपंपापर्यंत जायचा आणि परत यायचा. म्हणायचा, पेट्रोल भरणं अजून गुन्हा नाही. २०२३ला तिथली बंदी उठली, १ जानेवारी २०२४ पासून राज्यभरातली, आणि तो उंचीचा कायदाही गेला. तेव्हा हा माणूस निवृत्त होऊन गुडघ्याचं ऑपरेशन करून बसला होता.

खडूस_आजोबा
आता चाकातही जातपात आणा. कायदा धोक्यासाठी होता, म्हणजे होता.

सॅनडिएगो_निवृत्त
आजोबा, धोक्यासाठी होता तर गुळगुळीत टायरच्या सेडानला कुणी थांबवत नव्हतं ते का? मी तीस वर्षं त्या रस्त्याने कामाला गेलो. मला एकदाही थांबवलं नाही. माझी टोयोटा होती आणि मागचा दिवा दीड वर्ष बंद होता.

खडूस_आजोबा
तुम्हाला थांबवलं नाही हा पुरावा झाला का?

सॅनडिएगो_निवृत्त
त्याला थांबवत होते हा झाला. मी त्याच्या शेजारी बसलेलो असताना दोनदा. दुसऱ्यांदा पोलिसाने खिशातून टेप काढून मोजलं. सव्वा इंच *वर* निघालं. तरी वीस मिनिटं ठेवलं, "नट सैल वाटतायत" म्हणून.

वाघोली_गॅरेज
तुम्ही अमेरिकेत कायदा गेला म्हणून पेढे वाटा. इथे जानेवारी २०१९मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं, कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत बदल चालणार नाही. तेव्हापासून पासिंगला जाताना गिऱ्हाईक मूळ चाकं मागच्या सीटवर घालून आणतं, आरटीओच्या आधीच्या गल्लीत बदलतं. आम्हाला धंदा डबल, तक्रार नाही. पण इथे मडगार्डबाहेर चाक काढलं की पावसाळ्यात शेणामातीने दार रंगतं. ओळंबा कसला, जुलैचा एक महिना पुरे.

रोपवाटिका_ताई
चाकाचं बोलाल का कुणी? लोरायडर, आरटीओ, जातपात, सगळं झालं. माझा ट्रक अजून घासतोय.

टेक्सासी_सांगलीकर
ताई, भरलेल्या ट्रकला मोजा आणि पाऊण इंच तरी जागा सोडा. तुमच्या वर्षाच्या ट्रकला मागे पाटे आहेत, त्यामुळे आस सरकायची कटकट माझ्याइतकी नाही. रुंद चाकाचा हट्ट सोडलात तर सुटेल.

आणि बावीसवाले. रात्री टॉर्च घेऊन खाली झोपलो. माझा क्रॉसमेंबर सव्वापाच इंचांवर. पंधरा इंची चाकाचा काठ त्याच्याहून वर. म्हणजे तुमचं स्क्रब लाइनचं बरोबर आहे, लिहिताना बोटं दुखतायत. पण त्यासाठी बावीस कशाला? २७५/४० चा वीस इंची टायर घेतला तर भिंत चार पूर्णांक एक तृतीयांश. तुमच्यापेक्षा अर्धा इंचही जास्त नाही, आणि एकूण उंची जुन्या पंधरा इंचीएवढीच, त्यामुळे स्पीडोमीटरही खोटं बोलत नाही. तेव्हा पंधराचं वाक्य मागे घेतो. बावीसचं नाही.

बाहत्तर_बावीस
मागे घेतलंत, आभार. फ्रेम करून गॅरेजात लावतो.

वाघोली_गॅरेज
दोघांनी एकदा इकडे या. खडकी स्टेशनच्या रस्त्यावरून तो बावीस चालवून दाखवा, दोन हजार माझे.

बाहत्तर_बावीस
वाघोली, तुमचा रस्ता तुम्हालाच लखलाभ.

सांगलीकर, आज सुट्टी होती म्हणून, दुसरं कारण काही नाही, दोन्ही बाजू मोजल्या. एअरबॅगमध्ये हवा भरून दोन्हीकडे सारखंच. हवा सोडली की डावीकडे तीन अष्टमांश इंच कमी. घासत नाही. अजून. तुम्ही बरोबर आहात असं म्हणत नाहीये. ओळंबा कुठला वापरता? माझा नायलॉनची दोरी आणि सॉकेट आहे, वाऱ्याने हलतो.

टेक्सासी_सांगलीकर
पितळी. वडील गवंडीकामाची कंत्राटं घ्यायचे, त्यांचा. टोक बादलीतल्या पाण्यात बुडवून ठेवा, हलणार नाही. पॅनहार्ड बार अ‍ॅडजस्टेबल मिळतो. दुकानदाराला विचारू नका.