पहिलीच बोट, हिवाळाभर झाकून होती, पाण्यात घालायच्या आधी काय काय बघू?

निळाई_मिशिगन
नमस्कार मंडळी. आम्ही डेट्रॉइटच्या उत्तरेला राहतो. गेल्या सप्टेंबरात सेकंडहँड बोट घेतली, १९ फुटी, ४.३ लिटरचं व्ही-६ पेट्रोल इंजिन, स्टर्नड्राइव्ह (इंजिन बोटीच्या आत, पंखा फिरवणारा गिअरचा भाग मागे बाहेर), ट्रेलरसकट. लेक सेंट क्लेअरवर दोनदाच नेली आणि थंडी सुरू झाली. ज्यांच्याकडून घेतली त्यांनीच विंटराइज करून दिली, म्हणजे थंडीत गोठू नये म्हणून पाणी वगैरे काढून ठेवली, आणि म्हणाले की वसंतात बॅटरी लावा, चावी फिरवा आणि निघा. परवा कव्हर काढलं तर आत ओली पानं, सीटखालचा फोम उंदराने कुरतडलेला, आणि मग माझा धीरच होईना चावी फिरवायचा. नवरा म्हणतो शॉपला देऊ, पण शॉपवाले म्हणतात मे संपेपर्यंत तारीख नाही. मेमध्ये आई-बाबा येतायत साताऱ्याहून. बाबा बामणोलीकडचे, कोयनेच्या शिवसागर जलाशयात लाँचने ये-जा करण्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलं, त्यामुळे लेकीच्या बोटीत बसायची त्यांना फार हौस आहे. आईला पोहता येत नाही, मुलगा ५ वर्षांचा. मेअखेरच्या मेमोरियल डेच्या वीकेंडला सगळ्यांना न्यायचा विचार आहे. घरच्या घरी नेमकं काय काय तपासायचं आणि कुठे हात लावायचा नाही, कोणी नीट सांगेल का?

मिनेसोटाकाका
चावी फिरवली नाहीस हे फार बरं केलंस. विंटराइज केली असं दुसऱ्याने सांगितलं की ते ऐकून घ्यायचं आणि आपण सगळं उघडून बघायचं, मी २० वर्षं हेच करतोय. स्टर्नड्राइव्हचा मुख्य शत्रू बर्फ. इंजिनाच्या ब्लॉकमध्ये पाणी राहिलं आणि गोठलं तर ओतीव लोखंड तडकतं, आणि ते बाहेरून दिसेलच असं नाही. म्हणून पहिलं काम डिपस्टिक, इंजिनाचं तेल बघायची पट्टी. तेल मधासारखं किंवा काळपट असेल तर ठीक, दूध घातलेल्या कॉफीसारखं दिसलं तर तेलात पाणी आहे, तिथेच थांब, इंजिन अजिबात सुरू करू नकोस. ब्लॉकच्या दोन्ही बाजूंना गंजाचे ओघळ आहेत का तेही टॉर्च लावून बघ. आणि थंडीत पाणी काढायला ब्लॉकचे ड्रेन प्लग काढलेले असतात, ते परत बसवलेत का बघ, नाहीतर सगळं पाणी बोटीतच पडेल.

मग ड्राइव्ह, म्हणजे मागचा बाहेरचा गिअरचा भाग. खालचा गिअर ऑइलचा स्क्रू किंचित सैल कर, खाली पांढरी थाळी धर. पाणी तेलापेक्षा जड, ते तळाशी बसतं, त्यामुळे आत असेल तर आधी तेच येतं. तेल दुधाळ आलं तर कुठलंतरी सील गेलंय. तेल भरताना खालून वर भरायचं, वरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत, आणि स्क्रूचे वॉशर दर वेळी नवे.

बेलोज सगळ्यात महत्त्वाचे, नवीन लोक इथेच चुकतात. बोट आणि ड्राइव्ह यांच्यामध्ये पेटीच्या भात्यासारखं रबर असतं ते. ड्राइव्ह वर घेऊन, डावी-उजवीकडे पूर्ण वळवून प्रत्येक घडीत हाताचं बोट घालून बघ. चीर दिसली तर बोट पाण्यात घालायचीच नाही, धक्क्याला बांधलेल्या जागी बुडते. हे काम मात्र शॉपचं, घरी करू नका.

हे सगळं ठीक निघालं तरच इंजिन. ड्राइव्हच्या पाणी ओढायच्या जाळ्यांवर रबरी कप (मफ) लावून बागेचा होज जोड, आधी पाणी, मग चावी. कोरडं चालवलं तर पाण्याच्या पंपातलं रबरी चक्र, इम्पेलर, लगेच जळतं, आणि ते शेवटचं कधी बदललंय माहीत नसेल तर सरळ नवीनच घाल. चावीच्या आधी ब्लोअर (इंजिनाच्या खणातली वाफ बाहेर टाकतो तो) निदान ४ मिनिटं, आणि तरीही इंजिनाचं झाकण उघडून नाकाने वास घे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, तळाशी साठते. म्हणूनच स्टार्टर किंवा अल्टरनेटर बदलायची वेळ आली तर स्वस्त पडतो म्हणून गाडीचा बसवू नका, बोटीचा असतो त्याची ठिणगी बाहेर येत नाही. उंदीर होता म्हणतेस तर वायरी आणि ब्लोअरचा होज हाताने चाचपून बघ. पेट्रोल १० टक्के इथेनॉलचं चालतं, १५ टक्केवालं बोटीत कधीही नाही.

गारपाणी
काकांनी इंजिनाचं सगळं सांगितलंच आहे, मी माणसांचं सांगते कारण मला त्याचीच जास्त काळजी वाटली. ताई, मेअखेरीला हवा छान ७५ असते आणि पाणी मात्र अजून ५०-५५ फॅरनहाइटला असू शकतं. एवढ्या गार पाण्यात माणूस पडला की पहिल्या मिनिटाला श्वासच ताब्यात राहत नाही, धाप लागते, त्यात तोंड पाण्याखाली असलं की संपलं. साधारण १० मिनिटांत हातपाय काम करेनासे होतात. म्हणजे पोहता येणारी माणसंही बुडतात, आणि लाइफ जॅकेट सीटखाली असेल तर त्या वेळी काही घालता येत नाही. आई-बाबांना धक्क्यावरच जॅकेट घालायला लावा, "अगं मी शांत बसणारे" म्हणाल्या तरी. मुलाला तर मिशिगनमध्ये कायद्यानेच घालावं लागतं, उघड्या डेकवर ६ वर्षांखालच्या प्रत्येकाला. त्याच्या मापाचंच घ्या आणि खांद्याला धरून वर उचलून बघा, हनुवटी आत जात असेल तर मोठं होतंय.

अग्निशामक बघा, एकदाच वापरायच्या नळकांड्यावरच्या तारखेला १२ वर्षं झाली असली तर चालत नाही. फ्लेअर, म्हणजे संकटात पेटवायच्या इशाऱ्याच्या नळ्या, बनवल्यापासून ४२ महिन्यांत बाद होतात. किल स्विचची (दोरी ओढली गेली की इंजिन बंद करतो तो) दोरी चालवणाऱ्याने अंगाला लावायची, २६ फुटांखालच्या बोटींना वेगात असताना १ एप्रिल २०२१ पासून तो नियमच आहे. रजिस्ट्रेशनचा स्टिकर पण बघा, मिशिगनमध्ये तीन वर्षांचा असतो आणि ३१ मार्चला संपतो.

हर्णैचा_पोर
मी हर्णैचा, आता पुण्यात नोकरीला, पण घरचा धंदा मासेमारीचाच. स्टर्नड्राइव्ह मी चालवलेला नाही त्यामुळे त्यातलं सांगत नाही. आमच्याकडे उलटं, १ जून ते ३१ जुलै बंदी, बोटी वर ओढून शाकारून ठेवायच्या नाहीतर आंजर्ल्याच्या खाडीत घ्यायच्या, आणि मग ऑगस्टच्या आधी सगळी तयारी. पूर्वी लाकडी होती तेव्हा फळ्यांच्या सांध्यातला जुना कापूस काढून नवा ठोकायचा हेच मोठं काम असायचं, आता फायबरची आहे. पण एक सवय बाबांनी सोडली नाही, बोट पाण्यात घालायच्या आधी ते अख्ख्या तळावरून उघडा तळहात फिरवतात. फायबरचा बारीक तडा डोळ्याला सुटतो, हाताला लागतो. ट्रेलरवर बोट जिथे टेकते तिथे खास बघा.

दुसरं म्हणजे पंखा, तुमचा प्रॉपेलर. पंखा काढा आणि मागे शाफ्टवर बघा. तंगूस, म्हणजे मासेमारीचा नायलॉनचा दोरा, गुंतलेलं असतं, बाहेरून दिसत नाही, ते गुंडाळत गुंडाळत आत सरकतं आणि सील कापतं, मग गिअरात पाणी जातं. आमच्याकडे जाळ्यांमुळे नेहमीचं आहे, तुमच्याकडे गळ टाकणारे असतील तर तिथेही होणार. आधी बॅटरीची वायर सोडा मगच पंख्याला हात लावा. आणि बाकीचा धातू गंजू नये म्हणून लावलेले जस्ताचे तुकडे झिजलेत का बघा, म्हणजे आमच्या खाऱ्या पाण्यात जस्त चालतं, गोड्या पाण्यात मॅग्नेशियमचे लावतात.

निळाई_मिशिगन
तीन आठवड्यांनी लिहितेय, सगळ्यांचे मनापासून आभार. डिपस्टिक स्वच्छ निघाली, ब्लॉक वाचलाय. ब्लॉकचे प्लग मात्र नुसते हाताने लावलेले, एक तर बोटाने फिरला. बेलोज चांगले आहेत. पण गिअरचा स्क्रू सैल केला आणि थाळीत आधी चार-पाच थेंब निव्वळ पाणी, मग दुधाळ चहासारखं तेल. माझ्या पोटात गोळाच आला. मग हर्णैकर दादांचं आठवलं, पंखा काढला तर मागे हिरवट तंगूस, इतकं घट्ट की वितळून शाफ्टला बांगडीसारखं बसलेलं, चाकूने कापत कापत काढायला अर्धा तास गेला. लेक सेंट क्लेअरवर मासे पकडणारे भरपूर, तिथलंच असणार. थंडीत ते पाणी गोठून गिअरचं घर तडकलं नाही हे नशीबच. घरी येऊन काम करणारा एक मेकॅनिक मिळाला, त्याने दोन्ही सीलं बदलली, हवा भरून प्रेशर टिकतंय ते आमच्यासमोर दाखवलं, इम्पेलरही नवीन घातलं.

जॅकेटं पाच आणली. मुलाला उचलून बघितलं तर पहिलं मोठंच होत होतं, बदलून आणलं. आणि मेमोरियल डे रद्द केलाय, त्या वीकेंडला आम्ही दोघंच जाऊ, आई-बाबांना जूनच्या मध्यावर नेऊ. बाबांना फोनवर सांगितलं तर लगेच म्हणाले, "बरोबर आहे, रिकामी लाँच आधी एक फेरी मारून आणायची असते."

मिनेसोटाकाका
शाब्बास. आता दोन गोष्टी लक्षात ठेव. मिशिगनमध्ये बोट रस्त्यावरून नेताना बोटीच्या तळाचा ड्रेन प्लग (ब्लॉकचे ते वेगळे) काढलेला असावा लागतो, २०१९ पासून, एका तळ्यातलं पाणी आणि त्यातले जीव दुसऱ्यात जाऊ नयेत म्हणून (झेब्रा शिंपले उत्तर अमेरिकेत तुमच्याच लेक सेंट क्लेअरमध्ये १९८८ साली पहिल्यांदा सापडले). म्हणजे दर वेळी रॅम्पवर तो परत लावावा लागतो आणि माणसं नेमकं तेच विसरतात. प्लग बोटीच्या चावीलाच बांधून ठेव. आणि पहिल्यांदा पाण्यात घातल्यावर बोट ट्रेलरच्या पट्ट्यांतून लगेच सोडू नकोस, एकाने ट्रेलर तसाच धरायचा, दुसऱ्याने आत बसून पाच मिनिटं बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळाच्या पोकळीत, पाणी येतंय का बघत राहायचं.

साधारण १० तास चालवून झाली की तो गिअरचा स्क्रू परत एकदा सैल करून बघ आणि काय आलं ते इथे लिही.