ब्राझिलियन जिउ-जित्सूत नवख्या जोडीदारासोबत रोल (सरावाची झटापट) करताना दोघांनाही लागू नये म्हणून काय करता?

अर्धागार्ड:
ब्लू बेल्ट (नवख्यांच्या व्हाइट बेल्टच्या पुढचा), वजन ६५ किलो. वर्गात नवीन लोक बरेच आलेत आणि सर त्यांना आमच्याकडे सोपवतात. नवखा माणूस पहिल्या मिनिटापासून जीव खाऊन झटतो, श्वास रोखून धरतो, मान हाती लागली की सोडत नाही आणि टॅप करायचं (थाप मारून हार मानायचं) विसरतो. त्यात तो ९० किलोचा असला की विचारूच नका. कोणते सबमिशन (सांध्याचे लॉक किंवा गळा आवळणारे चोक) लावावेत, कोणते नाही? आणि त्याला किती मोकळं सोडायचं? सगळंच सोडलं तर तो शिकत नाही, आवळलं तर आणखी पिसाळतो.

चटईकर:
सबमिशनची काळजी सगळेच घेतात. नवख्याच्या बाबतीत मला जास्त भीती वाटते ती पडण्याची. स्वीप (खालून उलटवून वर येणं) बसला की तो हात ताठ करून टेकवतो. तळवा जमिनीवर, कोपर सरळ, आणि वर दोघांचं मिळून दीडशे किलो. कोपर निखळायला एवढं पुरतं. म्हणून सिझर स्वीप (पायांच्या कात्रीने उलटवणं) करताना ज्या बाजूला पाडायचंय त्या बाजूची बाही आधी धरा आणि कोपर स्वतःकडे ओढून घ्या. (तसाही तो हात मोकळा असला तर स्वीप लागत नाही.) तरी हात टेकलाच, तर स्वीप तिथल्या तिथे सोडून द्या.

उभ्याने सुरुवात नको. हनुवटी छातीला, हात अंगापासून साधारण ४५ अंशांवर आणि तळव्यापासून कोपरापर्यंत सगळा हात एकदम चटईवर, असं पडणं अंगवळणी पडेपर्यंत त्याला थ्रो करू नका. उडी मारून गार्ड (त्याला पायांमध्ये धरायची स्थिती) घेणं तर अजिबात नाही. तुमचं सगळं वजन त्याच्या ताठ गुडघ्यावर बाजूने आलं की लिगामेंट जातं. आयबीजेजेएफ या जिउ-जित्सू महासंघाच्या नियमांत व्हाइट बेल्टला ही उडी बंद आहे ती उगाच नाही. दोघांनी गुडघ्यांवरून सुरू करा.

निवांतमाउंट:
शेवटच्या वाक्याशी असहमत. दोघं गुडघ्यांवर असले की नुसती रेटारेटी होते, पायाची बोटं मुडपतात आणि गुडघा अंगाखाली अडकतो. एकाने बसून गार्ड घ्यावा, दुसऱ्याने गुडघ्यांवर यावं.

सबमिशनचं म्हणाल, तर स्पर्धेत व्हाइट बेल्टला हील हूक (टाच पिळून गुडघा वळवणारा), नीबार (गुडघा उलटा ताणणारा), टो होल्ड (पाऊल पिळणारा) आणि मनगटाचे लॉक बंद आहेत, सरळ अँकल लॉक (घोट्याचा) चालतो. वर्गातही हीच रेघ धरा. हील हूकमध्ये दुखायला लागेपर्यंत गुडघ्याचं नुकसान झालेलं असू शकतं, शिवाय नवखा चुकीच्या बाजूला गिरकी घेऊन स्वतःच पाय पिळून घेतो.

आर्मबारमध्ये (कोपर उलटं ताणणाऱ्या लॉकमध्ये) गुडघे आवळा, मनगट छातीशी धरा आणि कंबर उचलायच्या आधी थांबा. मनात तीन मोजा. त्याला काही सुचलं नाही तर "इथे टॅप करायचा" असं सांगून सोडा. त्याने हात हिसडला किंवा अंग वळवलं तर लगेच सैल करा, कारण ते बळ त्याच्याच कोपरावर जातं. किमुरा आणि अमेरिकाना या हात पिळणाऱ्या लॉकमध्ये खांदा दुखायच्या आधीच फाटू शकतो, म्हणून तिथे आणखी सावकाश. टॅपची वाट बघत ताणत राहणं ही आपली चूक, त्याची नाही.

चोक नीट बसला तर शुद्ध हरपायला ५ ते १० सेकंद पुरतात आणि नवख्याला ती चाहूल ओळखता येत नाही. तुमची बाही ओढणारा त्याचा हात बघत राहा. तो ढिला पडला की सोडा. शुद्ध गेलीच तर त्याला पाठीवर झोपवा, श्वास चालू आहे ना ते बघा, पाय थोडे उचलून धरा. तोंडावर पाणी मारू नका. बहुतेक जण काही सेकंदांत शुद्धीवर येतात. अर्ध्या मिनिटात आला नाही किंवा श्वास नीट नसला तर रुग्णवाहिका बोलवा. शुद्धीवर आला तरी त्या दिवशी पुढचे राउंड बंद.

आणि टॅप हातानेच होतो असं नाही. दोन्ही हात अडकले असतील तर पाय आपटायचा, नाहीतर तोंडाने सांगायचं. "आई गं" हाही टॅपच समजा.

खालचाबाजूचा:
९० किलोबद्दल. क्लोज्ड गार्डमधून (पाय त्याच्या पाठीमागे अडकवलेले असताना) त्याने तुम्हाला उचलायला सुरुवात केली की लगेच पाय उघडा आणि खाली या. घट्ट धरून राहिलात तर तो आपटणार, आणि आपटणं चालत नाही हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. ट्रँगलमध्ये (पायांनी मान आवळताना) त्याने तुम्हाला दुमडून मानेवर वजन टाकलं तर ट्रँगल गेला तरी चालेल, मान वाचवा. साइड कंट्रोलखाली (तो बाजूने छातीवर आडवा) असताना ताठ हातांनी ढकलू नका. कोपरं बरगड्यांशी ठेवून फ्रेम करा (हातांचा टेकू देऊन अंतर राखा). वजनाने बरगडी दाबली जात असेल तर निव्वळ दाबालाही टॅप करा, त्यात कमीपणा काही नाही.

माउंटवर (त्याच्या पोटावर बसलेले) असाल तर चेहरा त्याच्या चेहऱ्याच्या अगदी वर ठेवू नका. तो एकदम ब्रिज करतो (कंबर उसळवतो) आणि त्याचं कपाळ तुमच्या नाकावर येतं. डोकं त्याच्या कानाशेजारी चटईला लावा. एकदोन बोटं धरून पिरगाळायला लागला तर थांबून सांगा की मनगट किंवा बाही धर.

अर्धागार्ड:
हे सगळं कामाचं आहे. पण किती सोडायचं ते राहिलंच.

निवांतमाउंट:
पूर्ण रोल करूच नका. ३ मिनिटांचा राउंड घ्या, तो साइड कंट्रोलखाली, तुम्ही वर. सुटला की परत तिथूनच, मग अदलाबदल. कंबर सरकवून गुडघा आत घालत असेल तर जागा द्या, नुसतं ढकलत असेल तर देऊ नका. राउंडमध्ये एकच सूचना, आणि पहिली म्हणजे "श्वास सोड". धाप लागलेला माणूस ऐकत नाही, त्याला आधी दहा सेकंद तसंच बसू द्या.

चटईकर:
तरी पिसाळलाच तर? माझ्या मते दोनदा सांगावं, तिसऱ्यांदा राउंड थांबवून सरांना कळवावं. थांबवताना लॉक किंवा चोक लागलेला असेल तर आधी तो सोडा. पण नुसते वर असाल तर "थांब" म्हणा, तो थांबेपर्यंत पकड ठेवा आणि मगच उठा. मध्येच सोडलं तर तो त्याच जोरात शेजारच्या जोडीवर जाऊन पडतो.