आकडा मोठा, पण वाय-फाय गायब

अँड्रॉइड फोनवर कस्टम कर्नल (हार्डवेअर चालवणारा सिस्टीमचा गाभा) टाकताना बेंचमार्कला, म्हणजे वेग मोजणाऱ्या चाचणीत, ज्याचा आकडा मोठा तोच घ्या, असं वर एकाने म्हटलंय ते काही पटलं नाही. मी तसाच एक टाकला. आकडा नाद खुळा, पण वाय-फाय सुरूच होईना! बऱ्याच फोनमध्ये वाय-फायचा ड्रायव्हर वेगळं मॉड्यूल (कर्नलला नंतर जोडला जाणारा तुकडा) असतो. ते ज्या कर्नलसाठी बनवलंय त्याच्याशी व्हर्जन जुळलं नाही तर लोडच होत नाही. जुनी बूट इमेज (कर्नल आणि रॅमडिस्क, म्हणजे फोन सुरू होताना लागणाऱ्या फाइल्स, एकत्र असलेली फाइल) आधी काढून ठेवली होती म्हणून बरं. राजारामपुरीतल्या मित्राच्या लॅपटॉपवरून फास्टबूटने (कॉम्प्युटरवरून फोनमध्ये इमेज टाकायचं साधन) ती परत टाकली तेव्हा सुटलो.

आणि कर्नलची झिप एनीकर्नल ३ ची (कर्नल टाकायच्या झिपचा तयार साचा) आहे का तेही बघा. ती सहसा फक्त कर्नल बदलते, फोनमधली रॅमडिस्क तशीच ठेवते, त्यामुळे मॅजिस्क (रूट, म्हणजे फोनचा पूर्ण ताबा, देणारं ॲप) सहसा टिकतं. माझ्या फोनसारख्या जुन्या फोनवर अख्खी बूट इमेज टाकली की रूट गेलं, पुन्हा मॅजिस्कने बूट इमेज पॅच करत बसा.