सिकलसेलचे कार्ड फक्त मुलीचेच का मागितले जाते?

प्रश्न : थोरली बहीण, सिंदेवाही तालुका

माझ्या धाकट्या बहिणीचे लग्न जुळण्याच्या बेतात आहे. दोन वर्षांपूर्वी महाविद्यालयातील तपासणीत तिचे रक्त एएस पॅटर्नचे, म्हणजे सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या वाहकाचे निघाले आणि तेव्हापासून ते तपासणीचे कार्ड आईने कपाटात कपड्यांच्या घडीखाली ठेवून दिले आहे. मुलाकडच्यांना कुठून तरी सुगावा लागला आणि मध्यस्थ मामांमार्फत त्यांनी कार्ड पाहायला मागितले. मी मुलाचे कार्ड मागितले, तेव्हा 'आमचा मुलगा धडधाकट आहे, त्याला कशाला तपासायचे?' असे उत्तर आले. बाबा म्हणतात, कार्ड दाखवू नये, कारण गावात बोभाटा झाला की चुलत बहिणींचीही स्थळे परत जातील. आई म्हणते, लपवून लग्न केले तर उद्या सगळा दोष पोरीच्याच पदरात पडेल. बहिणीला काय वाटते, हे कोणीच विचारले नव्हते. मीसुद्धा काल रात्रीच विचारले. ती म्हणाली, 'मला नेमका कोणता आजार आहे, ते तरी मला सांगा.' तिला काय सांगावे आणि मुलाकडच्यांशी कसे बोलावे, हे जाणकारांनी कृपया लिहावे.

उत्तर १ : आरोग्यसेविका

ताई, आधी बहिणीला सांगा की तिला आजार नाही. एएस म्हणजे आईवडिलांपैकी एकाकडून सिकलचे जनुक आले आणि दुसऱ्याकडून निरोगी. अशी व्यक्ती शेतात राबते, संसार करते, म्हातारी होते आणि तपासणी झाली नाही, तर तिला ते कधी कळतही नाही. आजार असतो तो एसएस पॅटर्नमध्ये, दोन्हीकडून जनुक आल्यावर. मुलगा एए, म्हणजे दोन्ही जनुके निरोगी असलेला निघाला, तर त्यांच्या एकाही मुलाला एसएस होणार नाही, फार तर काही मुले वाहक होतील. तोही एएस निघाला, तर प्रत्येक गरोदरपणात एसएस बाळाची शक्यता 25 टक्के, वाहकाची 50 टक्के आणि पूर्ण निरोगी बाळाची 25 टक्के असते. पहिले बाळ आजारी निघाले म्हणून पुढची तीन सुटली, असा हिशेब नसतो. या गणितात बाईचा वाटा पुरुषापेक्षा कणभरही जास्त नाही, म्हणून एकट्या मुलीचे कार्ड पाहून मुलाकडच्यांना काहीच कळणार नाही. आणि धडधाकट म्हणाल, तर वाहक धडधाकटच दिसतो. (तुमच्या आईबाबांपैकीही एक जण तरी वाहक असणारच. बाबांनी स्वतःचे रक्त तपासले आहे का?)

मग बोट बाईकडेच का जाते, याचे एक कारण आमच्या यंत्रणेत आहे. गरोदर बाईची नोंदणी झाली की तिचे रक्त तपासले जाते. एएस आले की आम्ही नवऱ्याला पाठवायला सांगतो आणि पुष्कळ नवरे येत नाहीत. मजुरी बुडते हे खरे, पण प्रत्येक वेळी तेच कारण असते असे मला वाटत नाही. अशा रीतीने घरात एकच कागद येतो आणि त्यावर बाईचे नाव असते.

आणखी एक गोष्ट. सोल्युबिलिटी चाचणी रक्तात सिकल आहे की नाही एवढेच सांगते; एएस की एसएस हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणीतच ठरते. कार्डावर कोणत्या तपासणीचा निकाल आहे, ते पाहून घ्या.

उत्तर २ : दोन मुलींची आई, ब्रह्मपुरीकडची

मी आणि माझे यजमान दोघेही एएस आहोत, पण लग्नाआधी कोणीच तपासले नव्हते. थोरली मुलगी एसएस निघाली. तिच्या पहिल्या दुखण्यापासून 'हिच्या माहेरच्या रक्तात खोट आहे' हे सासरी ऐकत आले. यजमानांचा अहवाल आल्यावरही ते बोलणे थांबले नाही, फक्त आवाज खाली आला. दुसऱ्या खेपेला आम्ही नागपूरला जाऊन गर्भाची तपासणी करून घेतली. दहाव्या ते बाराव्या आठवड्याच्या सुमारास वारेचा अंश काढून ती करतात, त्यामुळे दिवस राहिल्याचे कळताच धावपळ करावी लागते. 1994 चा गर्भलिंग निदानविरोधी कायदा हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक आजारांसाठी नोंदणीकृत केंद्रात अशी तपासणी करू देतो, मात्र लिंग सांगू देत नाही. आम्ही निघताना घरातील एका वडीलधाऱ्या व्यक्तीने 'जाताच आहात, तर मुलगा की मुलगी तेही विचारून या' असे सुचवले होते. बाळ एएस निघाले. एसएस निघाले असते तर काय केले असते, हे मी इथे लिहिणार नाही, कारण ते ठरवताना थोरली समोर खेळत होती.

दोन वाहकांनी लग्नच करू नये, असे सरसकट म्हणणे मला पटत नाही. माहीत असून केलेले लग्न आणि आमचे लग्न यांत पुष्कळ फरक आहे.

थोरली आता सोळा वर्षांची आहे. भाताच्या रोवणीत गार पाण्यात तासन्‌तास वाकून उभे राहिले की तिचे हातपाय धरतात, आणि आपल्याकडे रोवणी बायकांनीच करायची असल्यामुळे बांधीतल्या बायका तिला कामचुकार म्हणतात. ती हायड्रॉक्सीयुरिया घेते; पुढे मूल हवे असेल, तेव्हा डॉक्टरांना विचारून ते औषध आधीच थांबवावे लागते, हे मी तिला सांगून ठेवले आहे. पाळणा लांबवण्याविषयी लग्नाआधी मुलींशी बोलायचे नाही अशी आपली रीत आहे. पण इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्यांनी एसएस बाईला रक्ताच्या गुठळीचा धोका वाढू शकतो, हे मग तिला कोणी सांगायचे?

उत्तर ३ : एक नवरदेव, आर्वी

माझ्या लग्नात मी स्वतःहून तपासणी करून घेतली, तेव्हा आमच्याच घरात 'तो आजार आपल्या जातीत नसतो' असे ऐकावे लागले. आदिवासी, अनुसूचित जाती आणि इतर मागासवर्गीय अशा सगळ्यांत सिकलसेल आहे, हे समजावण्यात माझे दोन महिने गेले. ताई, मुलाच्या वडिलांशी बोलण्यापेक्षा थेट मुलाशी बोला, तेही बहिणीला सोबत घेऊन. बाबा म्हणतात तसे लपवू नका, पण कार्ड एकतर्फी देऊही नका. दोन्ही कार्डे एकाच बैठकीत पाहायची, एवढीच अट ठेवा.

थोरली बहीण : सर्वांचे आभार. बहिणीने सगळी उत्तरे दोनदा वाचली आणि आज सकाळी तिने स्वतः मुलाला फोन केला. तो 'घरी विचारून सांगतो' म्हणाला. कार्ड आता तिच्या पर्समध्ये आहे. त्यावर एचपीएलसी असे लिहिले आहे. बाबांच्या रक्ताचा विषय मी काढला, तेव्हा ते उठून बैलांना पाणी पाजायला गेले.