बाथरूमचा बेसबोर्ड: एमडीएफ की पीव्हीसी?

खटपट्या (न्यू जर्सी):
बाथरूमची फरशी नवीन झाली. जुना बेसबोर्ड (भिंतीच्या पायथ्याची पट्टी) उपटताना तुटला, आता ड्रायवॉलखाली (जिप्समच्या भिंतीखाली) बोटभर फट दिसतेय. दुकानात प्रायमर मारलेला एमडीएफ (लाकडाच्या तंतूंचा दाबलेला बोर्ड) सगळ्यात स्वस्त. बायको म्हणते, पुण्याच्या घरासारखी टाइलचीच स्कर्टिंग लाव. भिंती काटकोनात नाहीत, आणि पोरं टबातून निम्मं पाणी बाहेर काढतात. काय लावू?

हौशी सुतार (टोरांटो):
एमडीएफ नकोच. वरून कितीही रंग द्या, पाणी शिरतं खालच्या कडेतून. एकदा फुगला की वाळल्यावरही मूळ जाडीवर येत नाही. टबालगतचा तुकडा आधी जाणार. पीव्हीसी घ्या. पाइनचं लाकूड घेतलंत तर लावण्याआधी पाठीला, खालच्या कडेला आणि कापलेल्या टोकांनाही प्रायमर मारा. दिसत नाही म्हणून हे कोणी करत नाही.

आतल्या कोपऱ्यात ४५ अंशांच्या फंदात पडू नका, तुमच्या भिंतींना फट पडणारच. एक तुकडा सरळ भिंतीला भिडवा. दुसऱ्याचं टोक ४५ मध्ये कापा आणि मग जी नक्षीची रेघ उमटते, तिच्यावरून कोपिंग सॉ (बारीक पात्याची हातकरवत) चालवा, पातं मागे कलतं धरून. तो पहिल्यावर चपखल बसतो. बोर्ड साधा चपटा असेल तर एवढंही नको, टोकाला टोक भिडवा. बाहेरच्या कोपऱ्याला मात्र ४५च.

खिळे दोन इंची. स्टड (भिंतीतले उभे खांब) बहुधा १६ इंचांवर सापडतील. खालचा खिळा फरशीपासून अर्ध्या इंचावर मारा, तिथे भिंतीत आडवी लाकडी प्लेट असते. बेसिन आणि कमोडमागे खिळा नकोच, आत पाइप आहेत. तिथे ॲडहेसिव्ह लावा.

पुणेरी सिव्हिल:
वहिनी बरोबर म्हणतायत! आमच्याकडे बाथरूमला डॅडो (भिंतीवरच्या) टाइल वरपर्यंत नेतात, लाकडाचा प्रश्नच येत नाही. उरलेल्या टाइल कापून लावा की.

हौशी सुतार (टोरांटो):
लावता येतील, पण वरची कापलेली कड उघडी दिसते. बुलनोज (गोल कडेची) टाइल किंवा धातूची पट्टी लागेल. शिवाय पुण्यात फरशीला उतार असतो, पाणी जाळीकडे जातं. इथे घरच्या बाथरूमला बहुधा जाळीच नसते. सांडलेलं पाणी पुसेपर्यंत भिंतीलगत थांबतं. म्हणून खालच्या सांध्याकडे जास्त लक्ष द्या.

खटपट्या:
म्हणजे खाली सिलिकॉन? आणि वरही तेच चालेल ना?

हौशी सुतार (टोरांटो):
खाली आणि टबाला भिडतो तिथे सिलिकॉन. वर भिंतीलगत रंग धरणारं ॲक्रिलिक कॉक (फट बुजवायची पेस्ट). सिलिकॉनवर रंग बसत नाही, सोलून निघतो. म्हणून आधी वरचं कॉक, मग रंग, सिलिकॉन सगळ्यात शेवटी.

खटपट्या:
ठरलं, पीव्हीसी. कोपिंग सॉ कोणाकडे मागायची ते बघतो. बायकोला टाइलचं तुम्हीच समजवा.